चेहरा नेमका कुठे कापावा?

वाचकांचे प्रश्न : छायाचित्रण

गेल्या काही अंकांत या सदरात फोटोमोंटाज (छायाचित्रांचे तुकडे जोडून केलेले चित्र) आणि कोलाज (निरनिराळे कागद चिकटवून केलेले चित्र) यांचे ओझरते उल्लेख आले. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच विषयाची आहेत: दुसऱ्या कलावंताची शैली पाहून स्वतःच्या व्यक्तिचित्रांवर कापणे, शिवणे, रंगवणे, वितळवणे असे प्रयोग करणे, आणि त्यात आलेल्या अडचणी. म्हणून या वेळी इतर प्रश्न बाजूला ठेवून याच पत्रांना उत्तरे देत आहे.

*प्रश्न : ब्रिटिश कोलाजकार जॉन स्टेझेकर यांची ‘मॅरेज’ ही मालिका पाहून मी दोन मित्रांची व्यक्तिचित्रे काढली, ती उभी मधोमध कापली आणि एकाचा डावा भाग दुसऱ्याच्या उजव्या भागाला जोडला. प्रकाश, अंतर, लेन्स सारे एकसारखे ठेवले होते. तरीही परिणाम विनोदी वाटतो. मूळ कोलाजांमध्ये जे गूढ आहे, ते येत नाही. चूक कुठे होत असावी?*

उत्तर : आपण पाठवलेले चित्र मी बराच वेळ समोर ठेवले होते. पहिले कारण अगदी साधे आहे: दोन्ही मित्र हसत आहेत आणि दोघांचे दात दिसत आहेत. कापलेल्या चेहऱ्यात दात दिसले की पाहणारा ते चित्र थट्टा म्हणूनच वाचतो, कारण दातांची ओळ जोडरेषेवर तुटते आणि नजर तिथून हलायला तयार होत नाही. स्टेझेकर वापरतात ती चित्रे विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या चित्रपट-कलावंतांची प्रसिद्धीसाठी काढलेली छायाचित्रे आहेत. त्यांतले ओठ बहुधा मिटलेले असतात, मान किंचित वळलेली असते आणि नजर कॅमेऱ्यापलीकडे कुठेतरी लागलेली असते. ते चेहरे कात्री लागण्याआधीच एक प्रकारचे मुखवटे होते. आपल्या मित्रांचे चेहरे मुखवटे नाहीत, ते आपल्याला पाहून खूश झालेले मित्र आहेत. तेव्हा पद्धत उचलताना कच्च्या मालाकडे दुर्लक्ष झाले, असे मला वाटते.

दुसरे कारण जोडरेषेचे. आपण सारे काही इतके काटेकोरपणे जुळवले आहे की भुवया, नाकाचा शेंडा, हनुवटी सगळेच एका पातळीत आले आहे, आणि त्यामुळे दोन माणसे भेटण्याऐवजी एक तिसराच, थोडा वाकडा माणूस तयार झाला आहे. याच्या उलट, काहीच जुळले नाही तर नुसते दोन तुकडे शेजारी पडलेले दिसतात. चित्र जिवंत होते ते या दोहोंच्या मध्ये: एखादी रेषा, समजा जबड्याची किंवा केसांची, जोड ओलांडून सहज पुढे गेली पाहिजे आणि दुसरी एखादी, समजा डोळ्यांची, तिथेच अडली पाहिजे. पहिलीमुळे मेंदू म्हणतो की हा एक चेहरा आहे, दुसरीमुळे म्हणतो की नाही. पाहणाऱ्याला खिळवून ठेवते ती हीच ओढाताण.

मेंदू चेहरा कसा वाचतो याविषयीचा एक प्रयोग इथे उपयोगी पडेल. 1980 साली ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञ पीटर थॉम्पसन यांनी मार्गारेट थॅचर यांच्या छायाचित्रातले फक्त डोळे आणि तोंड कापून उलटे चिकटवले. हे चित्र संपूर्ण उलटे धरून पाहिले तर फारसे काही बिघडलेले जाणवत नाही. सुलटे करताच मात्र अंगावर काटा येतो. याचा अर्थ असा की चेहऱ्याचे अवयव आपण सुटे पाहत नाही, त्यांचे एकमेकांशी असलेले नाते पाहतो, आणि तेही चेहरा सुलटा असतानाच. म्हणून कोलाज करताना तुकडे जागेवर बसले की कागद उलटा फिरवून पाहावा. उलट्या स्थितीत रेषांचा मेळ समजतो, सुलट्या स्थितीत चेहऱ्याचा परिणाम समजतो, आणि दोन्ही वेगवेगळे तपासावे लागतात.

प्रत्यक्ष कृतीविषयी एवढेच सांगेन की नाकाच्या मध्यावरून कापण्याचा आग्रह सोडावा. एक चित्र खाली अखंड ठेवावे आणि दुसऱ्याचा कापलेला तुकडा त्यावर सरकवत राहावे. कधी जोड तिरका येईल, कधी खालच्या चेहऱ्याचा जेमतेम तिसरा हिस्सा उरेल. प्रिंट चार-पाच काढाव्यात, त्याही थोड्या लहानमोठ्या आकारांत. कापण्यासाठी पोलादी पट्टी आणि नवे पाते घ्यावे, कारण बोथट पात्याने कागदाची पांढरी कड उसवते आणि ती काळ्या-पांढऱ्या चित्रात लगेच डोळ्यांत भरते. आणि डिंक लावण्याची घाई करू नये. माझ्या टेबलावर असे न चिकटवलेले तुकडे काचेखाली आठवडा-आठवडा पडून असतात, आणि त्यांतले बहुतेक शेवटी पाकिटातच परत जातात.

एक अभ्यासही सुचवतो. ज्या कलावंताची शैली आवडली त्याचे एकच काम घ्यावे आणि हाताने नेमके काय केले आहे ते एका वाक्यात लिहून काढावे. स्टेझेकर यांच्याच ‘मास्क’ या मालिकेविषयी असे वाक्य लिहिता येईल: ‘चेहऱ्यावर निसर्गदृश्याचे जुने पोस्टकार्ड असे ठेवले आहे की पुलाच्या कमानी डोळ्यांच्या जागी येतात आणि दरीची कड गालाच्या रेषेत मिसळते.’ या वाक्यात गूढ, स्वप्नवत, अस्वस्थ असे एकही विशेषण नाही, फक्त कृती आहे. उसनी घेता येते ती कृतीच. विशेषणांमागे गेले की नक्कल होते.

*प्रश्न : मॉरिझिओ आन्झेरी जुन्या व्यक्तिचित्रांवर भरतकाम करतात, तसे मी माझ्या आजोबांच्या छायाचित्राच्या प्रिंटवर करून पाहिले. डोळ्यापासून बाहेर किरणांसारखे टाके घातले. पंधराव्या टाक्याला कागद फाटला आणि डोळ्याच्या जागी भोक पडले. कोणता कागद घ्यावा?*

उत्तर : कागदापेक्षा दोष रचनेचा आहे. किरणांसारखे सगळे टाके एकाच भोकातून निघाले की प्रत्येक दोरा ते भोक आपल्या बाजूला थोडे ओढतो, आणि पंधरा दोऱ्यांचा ताण कुठलाच कागद सोसत नाही. मध्यबिंदूच्या जागी तीन-चार मिलिमीटर व्यासाचे लहान वर्तुळ आखून त्यावर आठ-दहा भोके पाडावीत आणि किरण आळीपाळीने त्यांतून काढावेत. लांबून पाहणाऱ्याला ते एकाच बिंदूतून निघाल्यासारखेच दिसतात.

भोके शिवता शिवता पाडू नयेत. आधी पातळ ट्रेसिंग कागदावर आराखडा काढावा, तो प्रिंटवर ठेवावा, खाली जाड नमदा किंवा फोमचा तुकडा घ्यावा आणि बारीक सुईने समोरच्या बाजूने सरळ उभी भोके पाडून घ्यावीत. एका ओळीतल्या दोन भोकांत तीन मिलिमीटरपेक्षा कमी अंतर ठेवले की पोस्टाच्या तिकिटांची कड तयार होते, आणि तिकिटे जशी फाटतात तसाच फोटोही फाटतो.

आता कागद. चकचकीत फोटोपेपरच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा पातळ थर असतो. तो चिवट असला तरी भोकाभोवती त्याची कड वर उचलली जाते आणि उजेडात चमकते. इंकजेटच्या मॅट कागदावर शाई धरून ठेवणारा लेप असतो आणि स्वस्त कागदात तो सुईच्या तोंडाशी भुकटीसारखा सुटतो. मला सर्वांत समाधान दिले ते सुती तंतूंच्या, चौरस मीटरला 250 ते 300 ग्रॅम वजनाच्या मॅट कागदाने. मागून पातळ कापडी अस्तर चिकटवले तर ताण वाटला जातो. गाठी मारू नयेत, दोऱ्याची टोके मागे चिकटपट्टीने बसवावीत. गाठ मारली तर प्रिंट चौकटीत दाबताना ती समोरच्या बाजूला फुगवटा देते, आणि तो फुगवटा नेमका गालावर येतो.

मूळ फोटोला सुई लावली नाहीत, हे वाचून बरे वाटले. मी एकदा उत्साहाच्या भरात घरातल्या एका जुन्या फोटोच्या एकमेव प्रतीवर रंग लावला होता. दुसऱ्या दिवशी तो खरडून काढताना चेहराही निघाला. तेव्हापासून आधी 600 डीपीआयला (इंचाला 600 बिंदू) स्कॅन आणि मग बाकी सगळे, असा क्रम मी पाळतो.

जाता जाता एक गोष्ट. फोटोमोंटाजच्या आरंभीच्या मोठ्या कलावंतांपैकी एक असलेल्या हाना होख (1889–1978) बर्लिनच्या एका प्रकाशनसंस्थेत भरतकामाचे आणि विणकामाचे नमुने आखण्याचे काम करत होत्या. त्यांच्या मोंटाजांतले कापलेले आकार पाहताना त्या नोकरीची आठवण मला दर वेळी होते. तेव्हा फोटोला सुई लावणे हा नवा चाळा आहे असे कुणी म्हटले, तर मनावर घेऊ नये.

*प्रश्न : छायाचित्रकार मान रे यांच्या सोलरायझेशन केलेल्या व्यक्तिचित्रांत चेहऱ्याभोवती जी काळी रेघ दिसते, ती संगणकावर कशी आणावी? ‘सोलराइज’ हे फिल्टर लावले की फक्त रंग उलटेपालटे होतात.*

उत्तर : ते फिल्टर आपले काम बरोबर करते आहे. आपल्याला हवे आहे ते काम त्याचे नाही. फिल्टर एका वेळी एकाच बिंदूकडे पाहते: उजळ टोन उलटवते आणि गडद टोन तसेच ठेवते. मान रे आणि त्यांच्या सहकारी छायाचित्रकार ली मिलर यांनी 1929 च्या सुमारास सोलरायझेशनचे जे तंत्र वापरायला सुरुवात केली, त्यात निगेटिव्ह विकसित होत असतानाच तिच्यावर थोडा वेळ प्रकाश पाडला जातो. आधी विकसित झालेला भाग या दुसऱ्या प्रकाशाला फारसा दाद देत नाही, न झालेला भाग मात्र काळवंडू लागतो, आणि या दोन भागांच्या सीमेवर विकसनात तयार होणारी रसायने पसरून तिथली क्रिया मंदावते. त्यामुळे सीमेवर निगेटिव्हमध्ये एक फिकट रेघ उरते आणि प्रिंटमध्ये तीच काळी दिसते. म्हणजे ती रेघ शेजारशेजारच्या दोन भागांच्या व्यवहारातून जन्मते. एकेका बिंदूचा हिशेब करणाऱ्या फिल्टरमधून ती निघणार नाही.

संगणकावर तिच्या जवळ जाता येते. चित्र कृष्णधवल करून त्याची एक प्रत वेगळ्या लेअरवर (चित्रावरच्या वेगळ्या थरावर) घ्यावी, तिच्यावर कडा शोधणारे फिल्टर लावावे, पांढऱ्या जमिनीवर काळ्या रेघा राहतील असे पाहावे, किंचित धूसर करावे आणि तो लेअर ‘मल्टिप्लाय’ने (खालचे चित्र गडद करणाऱ्या मिश्रणाने) खाली मिसळावा. खालच्या लेअरवर ‘कर्व्ह’ची (उजळ-गडद टोन बदलणाऱ्या आलेखाची) रेघ मध्यावर उंच आणि दोन्ही टोकांना खाली अशी कमानीसारखी वाकवावी. मग मास्क (लेअरचा काही भाग झाकणारे साधन) वापरून डोळे, नाकपुड्या आणि ओठ यांवरच्या रेघा जवळजवळ पूर्ण पुसून टाकाव्यात आणि बाह्यरेषा तेवढी ठेवावी. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात आणि चेहरा सुरकुतलेला दिसतो म्हणून तक्रार करतात.

मूळ फोटोही त्यासाठीच काढलेला हवा: मागे उजळ, साधी पार्श्वभूमी आणि चेहरा एका बाजूने किंवा पाऊण वळलेला. गुंतागुंतीच्या पार्श्वभूमीवर रेघ कुठे थांबावी हेच तिला कळत नाही.

*प्रश्न : मोबाइलवरील ॲपमध्ये फोटो टाकला की तो कुठल्याही चित्रकाराच्या शैलीत बदलून मिळतो. मग एवढी कापाकापी कशासाठी?*

उत्तर : हौस असेल तरच. पण ॲप नेमके काय करते ते पाहू. या प्रकारच्या बऱ्याच साधनांचा पाया 2015 साली गॅटिस, एकर आणि बेथगे या तीन संशोधकांनी मांडलेल्या पद्धतीत आहे. त्या पद्धतीत ‘शैली’ म्हणजे चित्राच्या पोताचा आणि रंगांचा सांख्यिकी हिशेब, आणि तो करताना कोणती गोष्ट चित्रात कुठे आहे हे मुद्दाम बाजूला ठेवले जाते. म्हणून दाट ब्रशच्या फटकाऱ्यांची शैली ॲपला छान जमते. स्टेझेकर यांची शैली मात्र त्याला त्याच पद्धतीने उचलताच येणार नाही, कारण तिथे पोत नावाला आहे आणि सारी गंमत पोस्टकार्ड कुठे ठेवले यात आहे. अलीकडची साधने रचनाही बनवून देतात हे खरे. तीही खुशाल वापरावीत. पण तीसुद्धा चित्र पूर्ण करून हातात देतात, आणि मला आवड आहे ती अर्धवट अवस्थेत थांबून राहण्याची.

*प्रश्न : मी एका मैत्रिणीचे व्यक्तिचित्र काढले आणि चित्रकार आर्नुल्फ राइनर यांच्यासारखे त्यावर काळ्या रंगाने जोरजोरात खरडून चेहरा जवळजवळ बुजवला. तिला ते पाहून वाईट वाटले आणि प्रदर्शनात ठेवू नकोस असे ती म्हणते. शिवाय एका परिचिताने ही शैलीची चोरी आहे असे सुनावले. या दोन्ही बाबतींत मी काय करावे?*

उत्तर : दुसऱ्या गोष्टीचे उत्तर सोपे आहे म्हणून ते आधी देतो. शैलीवर कुणाचा मालकीहक्क नसतो. प्रताधिकार (कॉपीराइट) असतो तो ठरावीक कलाकृतीवर. फोटोवर काळे खरडण्याचा हक्क राइनर यांच्याकडे नोंदवलेला नाही. मात्र खरडण्यासाठी घेतलेला फोटो दुसऱ्याचा असेल तर प्रश्न गंभीर होतो, आणि ‘मी तो बदलला आहे’ एवढे म्हणून सुटका होईलच असे नाही. अँडी वॉरहॉल यांनी छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथ यांनी 1981 साली काढलेल्या गायक प्रिन्स यांच्या फोटोवरून रंगीत चित्रे केली होती. त्यांतले एक पुढे एका नियतकालिकाला छापण्यासाठी देण्यात आले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी गोल्डस्मिथ यांच्या बाजूने निकाल दिला. तो वापर मूळ फोटोच्याच हेतूचा, म्हणजे प्रिन्सवरच्या लेखासोबत प्रिन्सचे चित्र छापण्याचा होता, हा मुद्दा तिथे महत्त्वाचा ठरला. देशोदेशीचे कायदे निराळे असतात, पण स्वतः काढलेला फोटो वापरला तर यातला मोठा भाग निकालात निघतो. कलावंताचे ऋण चित्राखाली एका ओळीत मान्य करावे. त्याने आपली उंची कमी होत नाही.

आता मैत्रीण. इथे मी पूर्णपणे तिच्या बाजूने आहे. कुणाचा चेहरा खरडून काढणे ही माणसाने रागाच्या आणि द्वेषाच्या भरात फार जुन्या काळापासून केलेली कृती आहे, आणि पाहणाऱ्याच्या मनात ती स्मृती असतेच. आपला हेतू तसा नव्हता, हे चित्राला सांगता येत नाही. शिवाय आपण एक गोष्ट ध्यानात घेतली नाही: राइनर यांनी ज्या फोटोंवर रेघा ओढल्या त्यांतले ‘फेस फार्सेस’ म्हणून गाजलेले फोटो त्यांचे स्वतःचे आहेत, फोटोबूथमध्ये बसून वेडीवाकडी तोंडे करून काढलेले. कलावंत लुकास समारास यांनी 1973 ते 1976 या काळात पोलरॉइडच्या ताज्या प्रिंटमधला अजून मऊ असलेला रंगद्रव्याचा थर दाबून, सरकवून चेहरे वितळवले, तेही स्वतःचेच. इटलीच्या छायाचित्रकार वांडा वुल्त्स यांनी 1932 मध्ये मांजराच्या निगेटिव्हवर जी निगेटिव्ह बसवली, तीही त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्याची होती. त्या चित्रात मांजराचा आणि बाईचा डोळा कुठे एक होतो ते सांगता येत नाही, आणि तरी त्या बाईचा अपमान झाला असे कुणाला वाटत नाही. चेहरा मोडायचा तर आधी आपला, हा या कलावंतांचा अलिखित नियम होता असे मी म्हणणार नाही, कारण होख किंवा स्टेझेकर तो पाळत नाहीत. पण ज्यांनी सर्वांत निर्दयपणे मोडले त्यांच्यातल्या अनेकांनी स्वतःलाच मोडले, हे खरे आहे.

तेव्हा ते चित्र प्रदर्शनात ठेवू नये. मैत्रिणीची तयारी असेल तर तिचीच दुसरी प्रिंट आणि काळ्या रंगाची कांडी तिच्या हातात द्यावी आणि काय झाकायचे, काय उघडे ठेवायचे ते तिला ठरवू द्यावे. कदाचित ती फक्त कानच झाकेल. ते चित्र आपल्या चित्रापेक्षा चांगले निघाले तर मला नवल वाटणार नाही.

पुढच्या वेळी संमती फोटो काढण्याआधी घ्यावी आणि ती ‘फोटो काढू का’ अशी मोघम नसावी. बदलाचा एक नमुना, शक्यतो आपल्या स्वतःच्या चेहऱ्यावर केलेला, समोर ठेवावा आणि मग विचारावे.

*प्रश्न : छायाचित्रकार आंद्रे केर्तेस यांच्या वक्र आरशातल्या चित्रांसारखे काही साध्या फ्लॅटबेड स्कॅनरवर चेहरा ठेवून करता येईल का?*

उत्तर : करता येईल, पण फळ वेगळे येईल. केर्तेस यांनी 1933 मध्ये वक्र आरशांसमोर दोन मॉडेलची सुमारे 200 चित्रे घेतली. त्यांत विकृती एका क्षणात, संपूर्ण चौकटीत घडते आणि बटण दाबण्याआधी डोळ्यांना दिसते. स्कॅनर एका वेळी एकच पट्टी वाचत पुढे सरकतो, त्यामुळे तो वेळ वाकवतो, आणि काय झाले ते शेवटीच कळते. दिव्याच्या दिशेने, त्याच्याबरोबर चेहरा सरकवला तर तो लांबतो. विरुद्ध दिशेने सरकवला तर दबतो. आडवा हलवला तर लाटा येतात. रिझोल्यूशन जितके जास्त तितका दिवा सावकाश जातो, म्हणून 300 डीपीआयने सुरुवात करावी आणि हालचाल हाताशी आली की वाढवावे.

स्कॅनर घेताना जुन्या, जाड बांध्याचा मिळाला तर पाहावा. आजच्या पातळ स्कॅनरांपैकी अनेकांतला सेन्सर काचेला टेकलेल्या गोष्टीच तेवढ्या स्पष्ट टिपतो, त्यामुळे नाक लख्ख येते आणि कान अंधारात जातात. जुन्या लेन्सच्या स्कॅनरमध्ये काही सेंटिमीटर खोलीपर्यंत तपशील येतो. खोली अंधारी करावी, डोळे मिटलेले ठेवावेत, आणि डोक्याचा भार काचेवर न टाकता दोन्ही कोपर टेबलावर टेकवावेत. प्रत्येक स्कॅननंतर काच पुसावी लागते, कारण कपाळाचा तेलकट डाग पुढच्या चित्रात धुक्यासारखा उतरतो. पुसताना द्रव काचेवर ओतू नये, कापडावर घ्यावा. तो कडेने आत झिरपला तर मग काच काढल्याशिवाय डाग निघत नाही.